क्विझ बोल आला कुठून, आणि त्याचे प्रश्न एवढे लांबलचक का असतात?

विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा इथे अमेरिकेत नववीत गेलाय, शाळेच्या क्विझ बोल टीममध्ये त्याला घेतलंय, महिन्यातून दोनदा शनिवारी भल्या पहाटे उठून कुठल्यातरी लांबच्या शाळेत जातो तो थेट संध्याकाळी घरी उगवतो. हा प्रकार काय आहे, किती जुना आहे, आपल्याकडच्या बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टसारखाच का, आणि एकेक प्रश्न परिच्छेदभर लांब कशासाठी असतो?

मी ९८ साली पुण्याहून एमएस करायला इकडे आले, पहिल्याच सेमिस्टरला युनिव्हर्सिटीच्या क्विझ क्लबात शिरले ती आजतागायत बाहेर पडलेली नाहीये. आधी खेळले, मग प्रश्न लिहायला लागले, आता बारा-तेरा वर्षं एका हायस्कूलच्या टीमला शिकवते आणि बहुतेक शनिवारी कुठल्या ना कुठल्या वर्गात मॉडरेटर म्हणून प्रश्न वाचत असते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण प्रश्न लांब का झाला हे कळलं की या खेळाच्या इतिहासातलं निम्मं कळलं.

समजा उत्तर आहे पानिपत. साठच्या दशकातल्या टीव्हीवर हा प्रश्न साधारण असा आला असता: "१५२६, १५५६ आणि १७६१ साली जिथे लढाया झाल्या ते भारतातलं ठिकाण कोणतं?" संपलं. दोन्ही टीम मिळून चार पोरांना पानिपत माहीत असेल तर चौघांनाही एकाच क्षणी उत्तर सुचणार आणि ज्याचा अंगठा चपळ त्याला १० पॉइंट. याला आम्ही बझर रेस म्हणतो. आता हाच प्रश्न आज मी लिहिला तर असा लिहीन: "या ठिकाणच्या एका लढाईआधी गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि एका सैन्याची रसद तुटली. त्याच लढाईत हरणाऱ्या बाजूचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. इथल्याच दुसऱ्या लढाईत हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि हातात आलेली लढाई गेली. आणखी एका लढाईत बाबराने गाड्या एकमेकींना बांधून त्यांच्या आडून मारा केला आणि इब्राहिम लोदीला हरवलं. १० पॉइंटसाठी सांगा, अहमदशाह अब्दालीने १७६१ साली मराठ्यांना जिथे हरवलं ते हरियाणातलं ठिकाण कोणतं?"

फरक बघा. ज्याने या विषयावर खरंच काहीतरी वाचलंय तो बुंदेल्यांवर किंवा गारद्यावर बझर दाबेल, ज्याला मुघलांचा इतिहास बरा येतो तो हेमूवर, ज्याने शाळेच्या पुस्तकातला धडा वाचलाय तो बाबरावर, आणि ज्याने नुसतं नाव ऐकलंय तो शेवटी. म्हणजे प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे उतरत येतो, आणि त्याच्या मधेच कुठेही, मॉडरेटरचं वाक्य तोडून बझर दाबता येतो. याला पिरॅमिडल प्रश्न म्हणतात. ज्याला जास्त माहितीये तो आधी, एवढंच त्यामागचं तत्त्व. हे तत्त्व आज इतकं साधं वाटतं की ते पहिल्यापासून असणार असं वाटतं, पण नाही, इथवर यायला चाळीसेक वर्षं लागली आणि ते आणलं खेळणाऱ्या पोरांनी, टीव्हीवाल्यांनी नाही.

आता मुळाशी जाऊ. डॉन रीड नावाचा एक माणूस होता, मूळचा कॅनडाचा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीचं काम बघणारी यूएसओ नावाची संस्था होती, तिथल्या सैनिकांच्या एका खेळावरून त्याला कल्पना सुचली की कॉलेजांच्या टीम एकमेकींविरुद्ध प्रश्नोत्तरांत उतरवायच्या, अगदी फुटबॉलसारख्या. नावसुद्धा फुटबॉलवरूनच आलं. इथे कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांना बोल म्हणतात, रोज बोल वगैरे, म्हणून हा कॉलेज क्विझ बोल. ऑक्टोबर १९५३ मध्ये एनबीसी रेडिओवर पहिला कार्यक्रम झाला, नॉर्थवेस्टर्न विरुद्ध कोलंबिया, आणि नॉर्थवेस्टर्नने १३५-६० असा जिंकला. सूत्रधार होता ॲलन लडन. मला या रेडिओच्या काळातली एक गोष्ट फार आवडते, टीम आपापल्या कॅम्पसवरच बसायच्या आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून प्रश्न लाइनवरून यायचे. २०२० च्या साथीत आम्ही झूमवर स्पर्धा घ्यायला लागलो तेव्हा सगळे म्हणत होते की क्विझ बोलमध्ये असं कधी झालं नव्हतं, तर झालं होतं, सदुसष्ट वर्षांपूर्वी सुरुवातच तशी झाली होती.

जो साचा रीडने घातला तो आजही तसाच आहे. चार-चार जणांच्या दोन टीम. आधी टॉसअप, म्हणजे दोन्ही टीमना खुला प्रश्न, एकट्याने बझर दाबून एकट्याने उत्तर द्यायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही. टॉसअप जिंकला की त्या टीमला बोनस, तिथे मात्र चौघांनी डोकी एकत्र घालून बोलायचं आणि कॅप्टनने उत्तर सांगायचं. तुमच्या मुलाने घरी "मला दोन पॉवर आणि एक नेग मिळाला" असं सांगितलं असेल तर तेही आत्ताच सांगून टाकते. प्रश्नातल्या ठरावीक खुणेच्या आधी बरोबर उत्तर दिलं तर १० ऐवजी १५, ती पॉवर. प्रश्न मधेच तोडून चुकीचं उत्तर दिलं तर वजा ५, तो नेग, आणि वर समोरच्या टीमला उरलेला अख्खा प्रश्न निवांत ऐकायला मिळतो ती शिक्षा वेगळीच. पॉवर सगळ्या स्पर्धांमध्ये नसते, पण हायस्कूलला बहुतेक ठिकाणी असते.

१९५९ च्या जानेवारीत कार्यक्रम सीबीएस टीव्हीवर आला, प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक, म्हणून नाव जीई कॉलेज बोल. वेळ बघा काय होती. आदल्याच वर्षी टीव्हीवरच्या पैशांच्या क्विझ शोंचं बिंग फुटलं होतं, ट्वेंटी वन नावाच्या शोमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच दिली जात होती हे बाहेर आलं होतं, आणि चार्ल्स व्हॅन डोरेन या कोलंबियात शिकवणाऱ्या लाडक्या विजेत्याने १९५९ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, समितीसमोर कबुलीजबाब दिला. लोकांचा क्विझवरचा विश्वासच उडाला होता. अशात रविवारी दुपारी कॉलेजची पोरं कोट-टाय घालून बसतात आणि कॉलेजला मिळणाऱ्या स्कॉलरशिपच्या पैशासाठी खेळतात हे लोकांना धुतल्या तांदळासारखं वाटलं, आणि ते तसं होतंही. लागोपाठ पाच आठवडे जिंकलेली टीम अपराजित म्हणून निवृत्त व्हायची. लडननंतर १९६२ पासून रॉबर्ट अर्ल सूत्रधार झाला, १९६३ मध्ये शो एनबीसीकडे गेला आणि १९७० पर्यंत चालला.

त्या अकरा वर्षांतली जी मॅच अजून लोक सांगतात ती १९६६ ची. जॉर्जियातलं ॲग्नेस स्कॉट हे मुलींचं छोटंसं कॉलेज आणि समोर प्रिन्स्टन. प्रिन्स्टन तेव्हा फक्त मुलांचं होतं, मुलींना पदवीसाठी प्रवेशसुद्धा नव्हता, तो १९६९ मध्ये मिळाला. ॲग्नेस स्कॉटच्या मुली मागे होत्या आणि अगदी शेवटच्या क्षणाला उत्तर देऊन २२०-२१५ ने जिंकल्या. माझ्या टीममधल्या मुलींना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते, कारण अजूनही बऱ्याच वर्गांमध्ये आठ बझरांपुढे एखादीच मुलगी बसलेली दिसते आणि तिला आपण इथे पाहुण्या आहोत असं वाटायला नको. पाहुणी नाहीये ती, ६० वर्षांपासून तिची जागा आहे.

पण टीव्हीचा एक तोटा झालाच. टीव्हीला लांब प्रश्न परवडत नाही, अर्ध्या तासात जाहिराती, कॉलेजची माहिती, पोरांची ओळख हे सगळं बसवायचं असतं, आणि घरी बसलेल्या माणसालाही उत्तर आलं पाहिजे तरच तो बघणार. म्हणून प्रश्न छोटे आणि भराभर. त्यात शो चालू असताना ते ठीकच होतं. घोळ पुढे झाला.

हायस्कूलचा प्रवाह मात्र कॉलेजच्याही आधीचा आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पेनसिल्वेनियात डेलावेअर काउंटीमध्ये स्कॉट पेपर कंपनीच्या मदतीने १९४८ साली हाय-क्यू नावाची शाळांची लीग सुरू झाली, म्हणजे रेडिओवरच्या कॉलेज बोलच्या पाच वर्षं आधी. आणि १९६१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सोफी ऑल्टमन या बाईंनी इट्स अकॅडेमिक सुरू केलं. एका वेळी तीन शाळा, प्रेक्षकांत शाळेचा बँड आणि चिअरलीडर, म्हणजे ज्या थाटात फुटबॉलच्या टीमला निरोप देतात त्याच थाटात अभ्यासू पोरांना. मॅक मॅकगॅरी या एका माणसाने १९६१ ते २०११, तब्बल ५० वर्षं तो कार्यक्रम सादर केला! जगातला सगळ्यात जास्त काळ चाललेला टीव्ही क्विझ शो म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. वॉशिंग्टनच्या परिसरात राहणाऱ्या कितीतरी आईवडिलांना क्विझ बोल म्हटलं की आधी तेच आठवतं. इलिनॉयमध्ये तर ज्या संस्थेमार्फत शाळांच्या बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धा होतात तीच संस्था स्कॉलॅस्टिक बोलची राज्य स्पर्धाही घेते, आणि तिथे टीममध्ये चारऐवजी पाच जण खेळतात. प्रत्येक राज्याच्या अशा तऱ्हा आहेत, त्यात शिरत नाही.

मधेच एक आपल्या घरची गोष्ट. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये ग्रॅनाडा टीव्हीने कॉलेज बोलचाच साचा घेऊन युनिव्हर्सिटी चॅलेंज सुरू केलं, बँबर गॅस्कॉइन सूत्रधार. अमेरिकेत मूळ शो बंद पडला तरी तिकडची फांदी मात्र वाढत गेली. २००३ च्या सुमारास तीच फांदी भारतात आली, बीबीसी वर्ल्डवर सिद्धार्थ बासूंनी युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया केलं, आणि त्याच्या दोन सीझनमध्ये एकदा अंधेरीच्या सरदार पटेल इंजिनिअरिंगची टीम जिंकली, एकदा पुण्याच्या सिंबायोसिसची. म्हणजे १९५३ साली नॉर्थवेस्टर्नने ज्या खेळात कोलंबियाला हरवलं त्याच खेळात ५० वर्षांनी मुंबई-पुण्याची पोरं जिंकली. मी तेव्हा इथे होते, घरून आईचा फोन आला होता की टीव्हीवर तुझ्यासारखंच काहीतरी चाललंय.

बरं, परत अमेरिकेत. १९७० नंतर काही वर्षं सामसूम होती. १९७७ मध्ये कॉलेज बोल कंपनीने कॉलेज युनियनांच्या संघटनेशी हातमिळवणी केली आणि टीव्हीशिवाय, नुसती कॅम्पसवर खेळायची स्पर्धा सुरू झाली. आधी कॉलेजच्या आत, मग १५ विभागांच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय. माझ्या मते खरा क्विझ बोल इथून सुरू होतो. कारण आता प्रेक्षक नव्हते, होती फक्त खेळणारी पोरं, आणि ती वर्षातून दोनदा खेळून भागणारी नव्हती. त्यांनी आपापल्या युनिव्हर्सिटीत शनिवार-रविवारच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली, गाडीत पाच जण कोंबून सहा-सहा तास ड्राइव्ह करून जायचं, कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर झोपायचं, दिवसभर दहा-बारा मॅच खेळायच्या आणि रात्री परत. आणि दिवसाला दहा मॅच खेळणाऱ्याला लगेच दिसतं की कुठला प्रश्न चांगला आणि कुठला फालतू.

तक्रारी साठत गेल्या. कंपनीचे प्रश्न छोटे, तेच तेच फिरून येणारे, आणि सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे होज. होज म्हणजे मुद्दाम चकवणारा प्रश्न. उदाहरण देते. "ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं शहर सिडनी आहे, तर राजधानी कोणती?" यात "सगळ्यात मोठं शहर" एवढं ऐकून ज्याला सिडनी माहीत आहे तो बझर दाबणार आणि वजा ५ घेणार, आणि ज्याला काहीच माहीत नाही तो गप्प बसून फायद्यात. म्हणजे जाणणाऱ्याला शिक्षा आणि न जाणणाऱ्याला बक्षीस. टीव्हीवर यात गंमत वाटते, पण चार वर्षं जीव तोडून वाचलेल्या पोराला यात काय वाटत असेल विचार करा.

मग १९९० च्या आसपास दक्षिण-पूर्वेकडच्या कॉलेजांमधल्या खेळाडूंनी वेगळी चूल मांडली. तिचं नाव एसीएफ. त्यांचं म्हणणं एकच होतं, वेळेचं बंधन नको, चकवा नको, कॉलेजात शिकवतात त्याच विषयांवर खोलात जाणारे प्रश्न हवेत. आणि प्रश्न आणायचे कुठून? तर स्पर्धेला येणाऱ्या टीमनेच एक पॅकेट, म्हणजे एका राउंडचे टॉसअप आणि बोनस, लिहून पाठवायचं. संपादक ते तपासून, दुरुस्त करून, बाकीच्या टीमना वाचून दाखवणार. या एका नियमाने सगळं बदललं. खेळणाऱ्याला लिहायला बसवलं की तो ग्रंथालयात जातो. मी माझा पहिला टॉसअप लिहिला तो कलन गणितातल्या एका प्रमेयावर, पण संपादकाने परत पाठवला, पहिल्याच ओळीत उत्तर उघडं पडत होतं. पाच वेळा लिहिला. त्या पाच वेळांत मी जे शिकले ते सेमिस्टरभराच्या वर्गात शिकले नव्हते, आणि पिरॅमिड म्हणजे काय हे मला तिथे कळलं, कारण पहिली ओळ कुणाला येईल, दुसरी कुणाला, हे लिहिताना एकेक माणूस डोळ्यासमोर आणावा लागतो.

१९९६ मध्ये दुसरी मोठी संस्था आली, एनएक्यूटी, आम्ही नॅक्ट म्हणतो. तीही जुन्या खेळाडूंनीच काढली. त्यांनी मधला रस्ता धरला, प्रश्न पिरॅमिडल पण जरा आटोपशीर, अभ्यासाच्या विषयांबरोबर थोडे खेळ, सिनेमा, चालू घडामोडी, घड्याळ लावून खेळायचं, आणि १५ ची पॉवर. १९९७ मध्ये त्यांची पहिली कॉलेज राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९९९ मध्ये हायस्कूलची. त्याच १९९६ मध्ये पेस ही संस्थाही निघाली, तिची हायस्कूल स्पर्धा १९९८ पासून. त्याआधी, १९८३ पासून, नॅशनल अकॅडेमिक चॅम्पियनशिप नावाची हायस्कूल स्पर्धा होतीच, पण तिचे प्रश्न जुन्या वळणाचे, त्यामुळे गंभीर टीम हळूहळू नवीनांकडे वळल्या. आज नॅक्टच्या हायस्कूल राष्ट्रीय स्पर्धेला ३०० हून जास्त टीम येतात, मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या वीकेंडला, बहुतेक वेळा अटलांटा किंवा शिकागोच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात. हॉटेलच्या खोल्यांमधले पलंग बाजूला सारून तिथेच मॅच होतात, आणि सकाळी लिफ्टपुढे बझरच्या पेट्या घेऊन पोरांची ही रांग! एकदा बघायला तरी जा.

एक प्रवाह या सगळ्यापासून वेगळा चालत आलाय त्याचा उल्लेख राहून जायला नको. १९८९ मध्ये होंडा कंपनीच्या पाठिंब्याने मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या जुन्या कॉलेजांसाठी होंडा कॅम्पस ऑल-स्टार चॅलेंज सुरू झालं. मूळ कॉलेज बोलची कॅम्पस स्पर्धा २००८ मध्ये बंद पडली, पण हे अजून चालू आहे, आणि त्या कॉलेजांमध्ये त्याला जो मान आहे तो आमच्या एसीएफ-नॅक्टला बाकी कॉलेजांमध्ये मिळत नाही हे मी स्वतः मान्य करते. टीव्हीवर कॉलेज बोल २०२१ मध्ये परत आला, एनबीसीवरच, फुटबॉलवाला पेटन मॅनिंग सूत्रधार. पहिल्या वर्षी अलाबामा जिंकली, दुसऱ्या वर्षी कोलंबिया. बघायला छान होता, पण तो टीव्ही शो होता. आता खेळ त्याच्यावर अवलंबून राहिलेला नाही.

सगळं गोडगोडच सांगत नाही, एक काळं पानही आहे. प्रश्न खेळाडूच लिहितात याचा धोका उघड आहे. २०१३ मध्ये नॅक्टने हार्वर्डची चार राष्ट्रीय विजेतेपदं काढून घेतली, कारण त्यांच्या टीममधला एक खेळाडू नॅक्टसाठी प्रश्नही लिहायचा आणि त्या कामासाठी मिळालेल्या लॉगिनमधून, जी पानं उघडायला नको होती ती त्याने स्पर्धांच्या आधी उघडली होती. त्या पानांवर प्रश्नांची सुरुवातीची अक्षरं दिसत होती. त्याने त्याचा फायदा घेतला असा थेट पुरावा नव्हता, तरीही विजेतेपदं गेली. काही लोकांना हे फार कडक वाटलं. मला नाही वाटत. या खेळात ना मोठा पैसा आहे ना प्रसिद्धी, आहे तो फक्त एक भरवसा, की समोरच्याने माझ्याआधी बझर दाबला तो त्याला माहीत होतं म्हणून. तो गेला तर उरतं काय?

आता पानिपतावर परत येते, कारण त्यात अजून एक गोष्ट दडलीये. तो प्रश्न मी काही वर्षांपूर्वी खरंच लिहिला होता आणि एका स्पर्धेत खरंच वाचला. अमेरिकन शाळांच्या हिशेबाने बुंदेले आणि गारदी या सगळ्यात अवघड ओळी, म्हणून वर. वाचताना "गोविंदपंत" एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या, तोपर्यंत अख्ख्या मॅचमध्ये एकही बझर न दाबलेल्या पोराने बझर दाबला. "पानिपत." १५ पॉइंट. त्याच्या टीममधली पोरं त्याच्याकडे बघतच राहिली. मॅच संपल्यावर मी मराठीत विचारलं, कसं रे माहीत तुला, तर म्हणाला आजोबा सांगतात, दर संक्रांतीला सांगतात. १४ जानेवारी १७६१, म्हणजे आजकाल साधारण संक्रांत येते ती तारीख. जे प्रश्नलेखक म्हणून मी सगळ्यात वर ठेवलं होतं ते त्याच्या घरी तिळगुळाबरोबर मिळत होतं.

तेव्हापासून मला कॅननचा विचार फार सतावतो. कॅनन म्हणजे कुठल्या गोष्टी विचारण्यालायक आहेत याबद्दलची न लिहिलेली समजूत. कॉलेज बोलच्या काळात तो युरोप-अमेरिकेपुरता होता. एसीएफच्या २० टॉसअपमध्ये आजही साहित्य, इतिहास आणि विज्ञान प्रत्येकी चार असं साधारण वाटप असतं, पण त्या चार इतिहासांत एक तरी युरोप-अमेरिकेबाहेरचा असायला हवा हे आता रुळलंय. लिहिणारी पोरं बदलली तसे प्रश्न बदलले. तुमच्या मुलाला सांगा, तो लिहायला लागेल तेव्हा आजोबांचं त्यालाही उपयोगी पडेल.

आपल्याकडच्या क्विझशी तुलना विचारलीत. वेगळं आहे, चांगलंच वेगळं. भारतात, म्हणजे पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लब क्विझ क्लबसारख्या ठिकाणी जे चालतं, त्यात स्लाइडवर प्रश्न येतो, पाउन्स-बाउन्स असतं (पाळी नसताना धोका पत्करून आधीच उत्तर देणं म्हणजे पाउन्स, न आलेला प्रश्न पुढच्या टीमकडे जाणं म्हणजे बाउन्स), विचार करायला वेळ मिळतो, आणि चांगला प्रश्न म्हणजे जो माहीत नसतानाही डोकं लढवून सुटतो. उत्तर सुटलं की अख्खा हॉल "आहा" करतो. क्विझ बोलमध्ये ते "आहा" फार कमी. इथे एकच विचारतात, तुला हे किती खोल माहितीये? मला दोन्ही आवडतात, पण पुण्याहून नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी हमखास मार खातात कारण ती प्रश्न पूर्ण व्हायची वाट बघत बसतात. तुमच्या मुलाला ती सवय नाहीये हे त्याच्या पथ्यावर पडेल.

एक काम मात्र त्याला आत्ताच शिकवून ठेवा, प्रोटेस्ट करायला. मी मॉडरेटर म्हणून नवीन असताना एका शाळेतल्या स्पर्धेत, पोरांनीच लिहिलेल्या सेटमध्ये, उत्तर होतं एपिनेफ्रिन. एक मुलगी म्हणाली ॲड्रिनॅलिन. माझ्या कागदावर तो शब्द नव्हता, मी स्टॅटिस्टिक्सवाली, मला दोन्ही एकच हे माहीत नव्हतं, मी चूक दिलं आणि वजा ५. तिला खात्री होती, पण प्रोटेस्ट करता येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती टीम १० पॉइंटने हरली. रात्री घरी आल्यावर मी शोधून बघितलं आणि मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोचला फोन करून सांगितलं, पण निकाल लागून गेला होता. त्यानंतर मी प्रत्येक मॅचच्या आधी दोन्ही टीमना मोठ्याने सांगते: उत्तर बरोबर होतं असं वाटलं तर मॅच संपायच्या आत बोला, मला राग येणार नाही.

आणि तुम्ही पुढच्या शनिवारी नुसतं सोडून परत येऊ नका. आत जा आणि विचारा, स्कोअरकीपर हवाय का. नेहमी हवा असतो. काही येत नसलं तरी चालतं, दहा मिनिटांत शिकवतात: एका टॉसअपला एक ओळ, कुणी दाबला त्याच्या नावाखाली १५, १० किंवा वजा ५, पुढे बोनसचे किती. डबा मात्र घरून न्या, तिथे पिझ्झ्याशिवाय काही नसतं आणि तोही दुपारपर्यंत गार होतो.